काकूंच्या हातची सही

दुबईत नव्या फ्लॅटची किल्ली घेताना माणूस इतक्या ठिकाणी सह्या करतो की शेवटी शेवटी त्याला स्वतःचंच नाव परकं वाटायला लागतं. त्या सह्या करून घेणारी मी. एका बिल्डर कंपनीत ताबा देण्याच्या टेबलावर, आमच्या भाषेत हँडओव्हर डेस्कवर, अकरा वर्षं बसते आहे. फाइलमध्ये पिवळ्या चिठ्ठ्या लावायच्या, पेन पुढे करायचं, पान उलटायचं, पुढची चिठ्ठी. किल्ली मात्र आधीपासूनच समोरच्या ट्रेमध्ये ठेवायची, गिऱ्हाइकाला दिसेल अशी. ती दिसली की कुणी काही वाचत बसत नाही. हे आम्हांला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

मी वसईची, ख्रिस्ती. आमच्या घरात मुहूर्तबिहूर्त काही नाही, पण शेजारपाजार सगळा मुहूर्तवाल्यांचा, त्यामुळे राहुकाळ कधी लागतो ते मला फादरच्या प्रवचनापेक्षा जास्त पाठ. ऑफिसात मराठी गिऱ्हाईक आलं की माझ्याकडेच पाठवतात. माझं आडनाव वाचून लोक इंग्रजीत सुरू होतात, मी मराठीत उत्तर देते, आणि मग त्यांचा चेहरा असा काही सैल पडतो की विचारू नका. "अरे वा, तुम्ही आपल्यातल्याच निघालात." तिथून पुढचा सगळा कारभार सोपा होतो. पूर्वी मला त्याची गंमत वाटायची. आता ते वाक्य ऐकलं की डोकं फिरतं.

काका-काकू आले ते अक्षय तृतीयेला. काका चिपळूणकडचे, अल क्वोजच्या एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून उभी हयात घालवलेले. काकू नर्स. एका खाजगी इस्पितळात तीस वर्षांच्या वर काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. मूलबाळ नाही. फ्लॅट काकूंच्या एकटीच्या नावावर, कारण त्यात त्यांच्या नोकरीची सगळी पुंजी गेली होती. घर नावावर असलं की राहण्याचा व्हिसाही त्याच्यावरच मिळतो, तेव्हा दुबई मरीनाच्या पाठीमागच्या रांगेतला तो चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट म्हणजे त्या दोघांचं इथलं राहणंच होतं. गेला तर दोघंही गेले.

काकूंच्या ड्यूटीमुळे त्यांना कधी कुठल्या ऑफिसात जायला जमलंच नव्हतं. म्हणून त्यांनी काकांच्या नावे पॉवर ऑफ अटर्नी करून दिली होती. बँक, बुकिंग, खरेदीचा करार, सगळीकडे काकूंच्या वतीने काकांची सही. त्या दिवशीही काका एकटे आले असते तरी चाललं असतं. काकू आल्या त्या मुहूर्तासाठी. मांडीवर कापडी पिशवी घेऊन त्या टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. पिशवीत पेढ्यांचा डबा आणि दूध उतू घालायला एक छोटं पातेलं. पातेल्याचा कान पिशवीतून बाहेर आला होता आणि त्या तो सारखा आत ढकलत होत्या.

"मॅडम, बारा वाजून वीस मिनिटांच्या आत किल्ली हातात पडली पाहिजे हां," काका म्हणाले.

"पडेल काका. तुम्ही फक्त सह्या करत चला."

मग वॉरंटीची पुस्तिका आली. घरात वर्षभरात काही बिघडलं तर कंपनी काय दुरुस्त करून देईल आणि काय नाही, ते त्यात लिहिलेलं असतं. नवव्या पानावर एक कलम आहे. ह्या वॉरंटीवरून भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं. लवाद म्हणजे दोघांनी मिळून नेमलेला खाजगी न्यायाधीश, त्याची फी भांडणाऱ्यांनीच आधी भरायची. खरेदीच्या करारात कोर्टाचंच नाव होतं, हे लवादाचं शेपूट मागून लावलेलं. मला ते कलम तोंडपाठ होतं. अकरा वर्षांत त्याचा अर्थ मी एकाही माणसाला सांगितलेला नाही. कुणी विचारलं नाही, आणि मीही कशाला आपणहून सांगायला जाऊ.

काकांना मी म्हटलं, "ही वॉरंटी. वर्षभरात काही झालं तर आम्ही करून देणार. बाकी फॉर्मॅलिटी."

काकांनी पेन टेकवलं. आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे, माझं लक्ष काकूंकडे गेलं. आयुष्यभर रात्रपाळ्या करून त्या बाईने घर घेतलं आणि ती टोकाला पातेलं सांभाळत बसली आहे. माझी आई जन्मभर ज्या घरात राबली, त्याच्या एकाही कागदावर तिचा अंगठासुद्धा नव्हता. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

"काका, पेन काकूंना द्या," मी म्हटलं. "घर त्यांच्या नावावर आहे ना, त्यांच्या हाताने होऊ दे."

"मग मी पॉवर ऑफ अटर्नी काय पूजेला केली?" काका हसले, पण त्यांनी पेन दिलं. काकू नको नको म्हणाल्या आणि लगेच खुर्ची पुढे ओढून बसल्या. सही त्यांनी मराठीत केली. आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सावकाश, शाळेत काढतात तसं. मी विचारलं तर म्हणाल्या, "इंग्रजीतली सही ड्यूटीची गो. ही घराची." पुस्तिकेच्या पानापानावर त्यांनी तशी सही केली. मी साक्षीदार म्हणून खाली माझी केली. एवढ्या सगळ्या पानांना बराच वेळ लागला, बारा वाजून अठरा मिनिटांनी किल्ली हातात पडली आणि काकूंनी मला पेढा भरवला. त्या दिवशी मी घरी जाऊन माझ्या मुलीला ते सगळं रंगवून सांगितलं होतं. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "दॅट्स सो स्वीट, ममा." मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आली. आधी खाली पट्टीपाशी, मग गुडघ्याएवढी, मग पलंगाच्या डोक्यापर्यंत. पलीकडे बाथरूम, भिंतीच्या आत कुठेतरी पाइप गळत असणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं. ॲपवर तक्रार केली की दोन माणसं येत, भिंतीवर गरम हवेचं मशीन लावत, वाळवत, रंग मारत, फोटो काढत आणि तक्रार बंद करत. महिन्याभरात रंग फुगे. असं चारदा झालं. काका मला फोन करायचे, कारण मी मराठी. माझं ते खातंच नव्हतं. मी ईमेल त्या खात्याकडे ढकलायची आणि काकांना सांगायची, "बोललेय मी काका, ह्या आठवड्यात येतील, इन्शाल्ला." आपण काहीतरी केलं असं मला वाटायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

एकदा दुपारी मी त्यांच्याकडे गेले. दार उघडताच कुबट वास आला. बेडरूम त्यांनी बंद करून ठेवली होती आणि दाराच्या फटीत ओला टॉवेल लावला होता. दोघं हॉलमध्ये गाद्या टाकून झोपत. काकू बोलताना मध्ये थांबत होत्या. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून आपला जुना स्टेथोस्कोप काढला, स्वतःच्या छातीला लावला, जरा वेळ ऐकलं आणि मग तो माझ्या कानाला दिला. आत शिट्टी वाजत होती, बारीक, प्रत्येक श्वासाला.

"ही भिंतीतल्या बुरशीची आहे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं दुसऱ्यांची ऐकली, मला कळतं. भिंत फोडून पाइप बदलला पाहिजे. दुसरं औषध नाही ह्याला."

कंपनीने भिंत फोडायला साफ नकार दिला. फोडायची तर शेजारचा फ्लॅटही उघडावा लागला असता. त्यांनी लेखी उत्तर दिलं की रहिवासी खिडक्या उघडत नाहीत म्हणून ओल येते. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि ह्यांना खिडक्या उघडायला हव्यात. ते पत्र वाचून मी जेवणाच्या सुट्टीत पँट्रीत एकटी बडबडत बसले होते. काकू त्या घरात राहिल्या तर आजारी पडणार होत्या, आणि घर सोडून दुसरं भाड्याने घ्यायला हातात काही उरलं नव्हतं.

मग काका कोर्टात गेले. मला आधी फोन केला, फार ओशाळून. "तुमच्यावर नाही हां मॅडम, कंपनीवर. भिंत फोडून द्या एवढंच मागतोय." मी म्हटलं, बरं केलंत काका. आणि मनापासून म्हटलं.

चार दिवसांनी आमच्या कंपनीचा वकील माझ्या टेबलाशी आला. हैदराबादचा, माणूस तसा सभ्य, माझ्याशी हिंदीत बोलतो. म्हणाला, मॅडम, ओरिजिनल बुकलेट निकालो, और पॉवर ऑफ अटर्नी भी. मी फाइल काढून दिली. त्याने ती तिथेच उभ्याने वाचायला घेतली आणि मला समजावलं. भिंतीबद्दल एक अक्षर बोलायच्या आधी आपण लवादाचं कलम पुढे केलं, तर कोर्ट दावा ऐकणारच नाही. मात्र एक अडचण असते. दुसऱ्याच्या वतीने लवाद कबूल करायचा तर इथे पॉवर ऑफ अटर्नीत तसा खास अधिकार लिहिलेला लागतो. नुसतं खरेदी-विक्री करा, सह्या करा, एवढ्याने भागत नाही. त्याने काकूंचं मुखत्यारपत्र दोनदा वाचलं. बँक होती, व्हिसा होता, वीज-पाणी होतं. लवाद नव्हता.

"इसमें तो नहीं है," तो म्हणाला. "हस्बंडने साइन किया होगा ना? फिर तो मुश्किल है."

मला इतकं हलकं वाटलं की मी पाणी प्यायले. काकांची सही असती तर कलम काकूंना लागू झालं नसतं, कोर्टाने भिंत पाहिली असती, भिंत फुटली असती. आणि पाण्याचा घोट गिळायच्या आतच मला ती खुर्ची पुढे ओढलेली आठवली. वकिलाने पुस्तिका उघडली. पानापानावर मराठीत, शाळेतल्या अक्षरात काकू.

"ये किसका साइन है?"

"मालकिणीचीच आहे."

"खुद आयी थी? किसने करवाया?"

"मी."

"व्हेरी गुड," तो म्हणाला. खरोखर खूश झाला होता तो.

ते पान गायब करावं असं माझ्या मनात आलं. येणारच. पण स्कॅन कॉपी सिस्टिममध्ये होती, आणि माझा स्वतःचा व्हिसा ह्याच कंपनीच्या नोकरीवर, मुलगी दहावीत. मी काही केलं नाही. उलट जास्तच केलं. काकूंच्या वकिलाने विचारलं की त्यांना त्या कलमाचा अर्थ कळला होता का, तेव्हा आमच्या वकिलाने एक कागद टाइप करून माझ्यापुढे ठेवला. पुस्तिकेतला मजकूर मालकिणीला तिच्या मातृभाषेत समजावून सांगण्यात आला, तेव्हा मी हजर होते, असं त्यात लिहिलं होतं. मी काय समजावलं होतं? बाकी फॉर्मॅलिटी. दोन शब्द. त्या कागदावर मी सही केली. पिवळी चिठ्ठी होतीच लावलेली, मी फक्त पेन टेकवलं, जसं माझ्यासमोर सगळे टेकवतात.

कोर्टात भिंतीचा विषयच निघाला नाही. कलम आहे, सही आहे, मालकिणीची स्वतःची आहे, तेव्हा लवादाकडे जा. काकांनी लवादाची चौकशी केली आणि आधी भरायच्या रकमेचा आकडा मला फोनवर दिरहममध्ये सांगितला, मग सवयीने रुपयांत करायला लागले आणि हिशेब अर्ध्यातच सोडला. "जाऊ दे," म्हणाले, "खलास." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

आमच्याकडे मात्र ईमेल आली, सगळ्या खात्याला. माझं कौतुक. दक्षता, प्रसंगावधान, काय काय लिहिलं होतं. पाठोपाठ नवीन नियम निघाला. पॉवर ऑफ अटर्नी असो नसो, पुस्तिकेवर मालकाची स्वतःची सही घ्यायचीच, आणि ज्याची जी भाषा त्या भाषेचा माणूस टेबलावर बसवायचा. नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. ट्रेनिंगवाल्याने विचारलं, तुम्ही त्या दिवशी नेमकं काय बोलला होता? मी सांगितलं. त्याने ते इंग्रजीत करून स्लाइडवर घातलं. आता केरळची मुलगी ते मल्याळममध्ये म्हणते आणि फिलिपिनो मुलगी टागालोगमध्ये. मला दोन्ही भाषा येत नाहीत, पण ते वाक्य कुठे आलं ते बायकांच्या चेहऱ्यावरून कळतं.

परवाच्या थंडीत काका-काकू ऑफिसात आले. फ्लॅट मिळेल त्या किमतीला विकून ते कायमचे चिपळूणला निघाले होते, आणि विक्रीला आमच्या कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. काका त्या काउंटरवर रांगेत उभे राहिले. काकू माझ्या टेबलापाशी आल्या, त्याच खुर्चीवर बसल्या. दारापासून इथवर यायचीही त्यांना धाप लागली होती. मी पाणी दिलं. त्या अर्ध्याने वाळल्या होत्या. मला मान वर करवेना.

"आमच्या वकिलाने सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "ह्यांची सही असती तर चाललं असतं म्हणे."

"हो काकू."

"एकच विचारते, बाय, रागावू नकोस. त्या दिवशी तू बोललीस ना, काकूंच्या हाताने होऊ दे म्हणून. ते तुम्हांला शिकवलेलं असतं काय गो?"

"नाही काकू," मी म्हटलं. "देवाशपथ सांगते. मला त्या दिवशी तुमच्याकडे बघून वाटलं, म्हणून बोलले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पेशंट कुठे दुखतंय ते खरं सांगतो आहे की नाही, हे बघतात तशा. मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मग झालं," त्या म्हणाल्या. "घराच्या कागदावर माझ्या हातची तेवढीच सही आहे. बाकी सगळ्या ह्यांच्या. ती कुणी फसवून घेतली असं डोक्यात बसलं होतं माझ्या, झोप लागत नव्हती. तू मनातून म्हणालीस, बास."

आता शिकवतात, आणि शिकवणारी मीच, हे मी त्यांना सांगितलं नाही. काका कागद घेऊन आले. त्यांनी मला हात जोडले, ह्या खेपेला मॅडम न म्हणता "येतो हां ताई" म्हणाले, आणि काकूंचा दंड धरून सावकाश दाराकडे निघाले. दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा मी उठून जायला हवं होतं. पण टोकनचा पुढचा नंबर वाजला होता आणि माझ्यासमोर एक जोडपं येऊन बसलं होतं.

नवरा तिशीतला, कोल्हापूरकडचा असावा. माझं मराठी ऐकून त्याचा चेहरा सैल पडला. फ्लॅट बायकोच्या नावावर, पॉवर ऑफ अटर्नी त्याच्याकडे, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट घातलेली. ती जरा मागे सरकून बसली होती, किल्लीच्या ट्रेकडे बघत. मी पुस्तिका उघडली, नवव्या पानावरची चिठ्ठी नीट केली. त्याने पेन उचललं.

"दादा, पेन वहिनींना द्या," मी म्हटलं. "घर त्यांच्या नावावर आहे ना, त्यांच्या हाताने होऊ दे."

ती एकदम लाजली, आणि तिने खुर्ची पुढे ओढून घेतली.